‘दिसलाच नाही’ हे खरं मानू या

अपघातानंतर रस्त्यावर गर्दी जमते आणि गाडीवाल्याच्या तोंडून हमखास एक वाक्य निघतं: ‘अहो, तो मला दिसलाच नाही.’ गर्दीला ते पटत नाही. दिवसाढवळ्या, सरळ रस्त्यावर एवढी मोटरसायकल आणि तिच्यावरचा धडधाकट माणूस दिसत नाही म्हणजे काय? कोणी म्हणतं मोबाइलवर बोलत असणार, कोणी म्हणतं पिऊन असणार, आणि एखाददुसरी थोबाडीतही बसते. मग पोलीस येतात, पंचनामा होतो, हयगयीनं वाहन चालवल्याचा गुन्हा दाखल होतो. दोषी ठरला की विषय संपला, अशी आपली समजूत असते.

माझं म्हणणं असं की ते वाक्य बहुतेक वेळा खरं असतं. आणि ते खरं धरून चाललो, तर दुचाकीच्या सुरक्षिततेबद्दल आपण जे बोलतो त्यातलं निम्मं नव्यानं बोलावं लागेल.

याला आधार जुना आहे. 1981 साली सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांच्या पथकानं लॉस एंजेलिस परिसरातले मोटरसायकलचे 900 अपघात जागेवर जाऊन तपासले होते, शिवाय 3,600 पोलीस अहवाल चाळले होते. सुमारे तीन चतुर्थांश अपघातांत दुसरं वाहन होतं आणि त्यातल्या दोन तृतीयांश वेळा त्या दुसऱ्या वाहनानं मोटरसायकलची हक्काची वाट अडवलेली होती. वाट अडवण्याचं मुख्य कारण, मोटरसायकल नजरेत न येणं. धोका दिसल्यापासून धडकेपर्यंत स्वाराच्या हातात दोन सेकंदही नसत. पुढे युरोपात पाच देशांत 921 अपघातांचा असाच अभ्यास झाला, त्याचं नाव ‘मेड्स’. तिथेही निम्म्या अपघातांत मुख्य चूक समोरच्या वाहनचालकाची निघाली, आणि त्या चालकांच्या चुकांपैकी 70 टक्क्यांहून अधिक चुका म्हणजे दुचाकी लक्षातच न येणं. त्याच अभ्यासातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. ज्या मोटारचालकांकडे मोटरसायकलचाही परवाना होता, त्यांच्या हातून ही चूक कमी होत होती. डोळे सगळ्यांचे सारखेच होते, फरक होता तो काय शोधायचं हे माहीत असण्याचा.

आता पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या रस्त्याला मिळणारी एक गल्ली डोळ्यांसमोर आणा. गल्लीच्या तोंडाशी मोटार थांबली आहे, तिला डावीकडे वळून रस्त्याला लागायचंय. चालक उजवीकडे मान वळवतो. आपल्याला वाटतं त्याची नजर कॅमेऱ्यासारखी सगळा रस्ता पुसत गेली. तसं होत नाही. नजर उड्या मारते: एक उडी बसच्या थांब्यावर, दुसरी समोरच्या दुकानावर, तिसरी परत आपल्या बॉनेटवर. उडी चालू असताना मेंदू चित्र घेत नाही, दोन थांब्यांमधली जागा तो अंदाजानं भरून काढतो. बस किंवा ट्रक अशा फटीत मावत नाही. उजवीकडून येणारी मोटरसायकल मावते. त्यात आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे पुढच्या काचेचा उजवा खांब त्याच्या डोळ्यांच्या अगदी जवळ येतो. छत दबू नये म्हणून अलीकडच्या गाड्यांत हे खांब चांगले जाडजूड असतात. काही अंतरावरची अख्खी दुचाकी स्वारासकट त्या खांबामागे राहते, आणि मोटार हळूहळू पुढे सरकत असेल तर दुचाकी पुढे येत असूनही खांबामागेच राहू शकते.

समजा, खांबाआड नाही, उघड्यावर दिसली. तरी प्रश्न सुटत नाही. थेट आपल्याकडे येणारी वस्तू आडवी हलत नाही, फक्त मोठी होत जाते, आणि अरुंद वस्तू बराच वेळ फारशी मोठी होत नाही. मग एकदम अंगावर येते. लहान दिसतं ते लांब आहे आणि सावकाश येतंय, असा हिशेब डोळा करतो. ‘अजून वेळ आहे’ म्हणत चालक क्लच सोडतो.

शिवाय मन दुसरीकडे असेल तर डोळ्यांसमोरचं अस्वलही दिसत नाही. अस्वल म्हटलं खरं, पण 1999 साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी ज्या प्रयोगातून हे दाखवलं, त्यात गोरिलाचा वेश केलेलं माणूस होतं. चेंडूचे पास मोजण्यात गुंतलेल्या प्रेक्षकांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांना ते मधोमध येऊन छाती बडवून गेलं तरी कळलं नाही. आणि फोनचं म्हणाल तर हात मोकळे असणं पुरेसं नाही. 2001 साली युटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेयर आणि विल्यम जॉन्स्टन यांनी तपासलं, तेव्हा हातात फोन धरणारे आणि हात मोकळे ठेवून बोलणारे सारखेच चुकत होते. आपला मोटार वाहन कायदा दंड करतो तो हातात धरलेल्या फोनला. कानात खुंटी घालून बायकोशी किंवा बॉसशी भांडत जाणारा कायद्यानं निर्दोष असतो. लक्ष मात्र त्याचंही रस्त्यावर नसतं.

इथवरचं संशोधन पाश्चात्त्य रस्त्यांवरचं. तिथे मोटरसायकल विरळ, म्हणून नजर तिची अपेक्षा करत नाही, असं स्पष्टीकरण दिलं जातं. ते आपल्याला जसंच्या तसं लागू नाही. भारतातल्या नोंदणीकृत वाहनांत सत्तर टक्क्यांहून अधिक दुचाकी आहेत. पुण्यात तर सिग्नलला चारचाकी ही दुचाक्यांच्या गर्दीत अडकलेली वस्तू असते. मग इथे त्या का दिसत नाहीत? मला वाटतं, उलट कारणानं. इतक्या आहेत की नजरेनं त्यांची एकेकटीची दखल घेणं सोडून दिलंय. पावसाळ्यात पाऊस असतो तशा त्या असतातच. आणि दुसरं कारण जरा कडू आहे. त्या वाट देतील हे गृहीत आहे. त्याच गल्लीच्या तोंडाशी थांबलेला तोच चालक उजवीकडून पीएमपीची बस येताना दिसली की ब्रेकवर पाय ठेवून मुकाट उभा राहतो. बस त्याला लांबून दिसते, कारण ती त्याचं नुकसान करू शकते. डोळा आधी आपल्याला काय दुखावेल ते शोधतो, आपण कोणाला दुखावू ते नंतर. दुचाकीवाला कट मारेल, ब्रेक दाबेल, शिवी देईल आणि पुढे जाईल, हा इथल्या वाहतुकीचा अलिखित करार आहे. नियमांच्या पुस्तकात सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावं असं लिहिलंय. हे माहीत असलेला माणूस भेटला तर त्याला चहा पाजावा.

लक्ष नसलेला चालक नेहमी चारचाकीतच असतो असंही नाही. हेल्मेटच्या आत फोन कोंबून बोलत जाणारे आपण रोज पाहतो. हँडलला फोन लावून, त्यावरचा नकाशा आणि सरकणारं घड्याळ बघत जेवणाचे डबे पोहोचवणारी पोरंही पाहतो. स्वतःला न दिसणाऱ्यांचा बळी समजणारा दुचाकीस्वार झेब्रा क्रॉसिंगवरच्या आजोबांना ‘दिसलेच नाहीत’ म्हणतो, तेव्हा तो मोटारवाल्याच्याच जागी उभा असतो.

आकड्यांनी छाती दडपते, म्हणून थोडेच देतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यातली 74,897 दुचाकीवरची होती, म्हणजे दिवसाला दोनशेहून अधिक. हेल्मेट न घातल्यामुळे गेलेल्यांच्या रकान्यात 50,029 जण आहेत. हेल्मेटच्या बाजूनं यापेक्षा सबळ पुरावा हवा असेल तर तोही आहे: अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा 69 टक्क्यांनी कमी होतो असं दिसलं. पुण्यात 1 जानेवारी 2019 पासून पोलिसांनी सक्तीची मोहीम उघडली, तेव्हा हेल्मेटसक्तीविरोधी कृती समिती रस्त्यावर उतरली. मान दुखते, केस गळतात, मागचं ऐकू येत नाही, शहरात वेगच कुठे असतो, असे युक्तिवाद झाले. यातला एकही मला पटलेला नाही. व्हिएतनामनं डिसेंबर 2007 मध्ये हा नियम लागू केला आणि तिथल्या लाखो मोटरसायकलवाल्यांनी जवळपास एका रात्रीत तो पाळला. त्यांच्या माना काही वेगळ्या नसाव्यात.

तरीही हेल्मेटच्या वादानं आपलं एक नुकसान केलं. सगळी चर्चा त्यानं खाऊन टाकली. हेल्मेट धडक टाळत नाही, धडकेनंतर डोकं वाचवतं. दुचाकीवरचे एकूण मृत आणि त्यातले हेल्मेट नसलेले, या वरच्या दोन आकड्यांची वजाबाकी करून पाहा: सुमारे 25 हजार मृतांची नोंद ‘हेल्मेट नव्हतं’ या रकान्यात नाही. त्यांच्याबद्दल कोणी मोर्चा काढत नाही आणि मोहीमही उघडत नाही. धडक होणारच, असं जणू दोन्ही पक्षांनी मान्य करून टाकलंय.

ती टाळण्यासाठी दुचाकीस्वाराच्या हातात काय आहे? पहिली गोष्ट मनातली, आणि तीच सगळ्यात अवघड. आपण बरोबर आहोत ही खात्री ब्रेकच्या आड येते. ‘माझा रस्ता आहे, तो थांबेलच’ म्हणत आपण वेग तसाच ठेवतो. तो थांबेलच असं नाही, कारण त्याच्या लेखी आपण तिथे नाहीच. म्हणून गल्लीच्या तोंडावरच्या मोटारीच्या चालकाकडे बघण्यापेक्षा तिच्या पुढच्या चाकाकडे बघावं. नजरानजर झाली तरी माणसानं आपल्याला पाहिलंच असं होत नाही. चाक मात्र खोटं बोलत नाही. गाडी सुटायच्या आधी ते इंचभर फिरतं, आणि तो इंच आपल्याला अर्धा सेकंद देतो. तोपर्यंत दोन बोटं पुढच्या ब्रेकवर हवीत. आपल्याकडे ‘पुढचा ब्रेक मारलास की उलटशील’ हे बाळकडू इतकं पक्कं आहे की निम्मे लोक आयुष्यभर पायाच्या ब्रेकवर काढतात. खरं म्हणजे गाडी थांबवण्याचा मोठा वाटा पुढचं चाक उचलतं. 2019 पासून 125 सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस (चाक जॅम होऊ न देणारा ब्रेक) आणि 125 सीसीपर्यंतच्यांना निदान सीबीएस (दोन्ही चाकांना एकत्र लागणारा ब्रेक) बंधनकारक झालं. चाक जॅम होण्याची जुनी भीती नव्या गाडीवर बाळगायचं तेवढं कारण उरलेलं नाही. मोकळ्या मैदानात जाऊन एकदा जोरात ब्रेक मारून पाहावा, पण ते कोणी करत नाही.

मग जागेची गोष्ट. समोरच्या वाहनाच्या आरशात चालकाचा चेहरा आपल्याला दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही. सिग्नलला डंपर किंवा सिमेंटच्या मिक्सरच्या डाव्या अंगाला, फुटपाथ आणि त्याच्या चाकांच्या मधल्या बोळात गाडी घालणं म्हणजे स्वतःहून गायब होणं. केबिन उंच आणि चालक पलीकडे उजवीकडे. दिवा हिरवा झाला, तो डावीकडे वळला की मागची चाकं पुढच्यापेक्षा आत येतात. पुढे जाऊन त्याला दिसेल असं उभं राहा, नाहीतर सरळ त्याच्या मागे राहा. समोरून कोणी वळायच्या बेतात असेल तर आपल्याच लेनमध्ये हलकेच एका बाजूहून दुसऱ्या बाजूला सरकावं. सरळ रेषेत येणारा बिंदू आडवा हलला की डोळा त्याला पकडतो.

दिव्याचं तर आपल्याकडे प्रहसनच झालं. एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप पेटतो, दिवसाही, तो याचसाठी. तरी अजून समोरून येणारे काका पंजा उघडझाप करून ‘लाईट चालू राहिलाय’ म्हणून खूण करतात. चला, काकांना आपण दिसलो, एवढं काम दिव्यानं केलं! सायलेन्सर फोडून आवाज काढणाऱ्यांचा दावा असतो की आवाजानं लोक सावध होतात. तो आवाज मागे जातो. धोका बहुधा पुढून येतो.

आणि वेग. अनपेक्षित गोष्टीला हात-पाय हलायला दीडेक सेकंद लागतो. ताशी 40 ला त्या वेळात गाडी साधारण 17 मीटर जाते, आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तर आणखी 9 मीटरांत, म्हणजे एकूण 26 मीटरांत उभी राहते. ताशी 60 ला नुसत्या त्या दीड सेकंदात 25 मीटर संपलेले असतात. चाळीसवाला जिथे थांबला असता, तिथे साठवाला जवळजवळ साठच्याच वेगानं आदळतो. त्याला ब्रेक दाबायलाही फुरसत मिळालेली नसते. शहरात तेवढे वीस किलोमीटर कमी केल्यानं कोथरूडहून स्वारगेटला पोहोचायला फार तर सिग्नलच्या एका फेरीचा फरक पडेल.

हे सगळं मी मनापासून सांगतोय, आणि तरीही इथे थांबलो तर तो अन्याय होईल. स्वतःला अदृश्य समजून गाडी चालवा, हा सल्ला दुबळ्याला दिलेला आहे. ज्यानं बघायला हवं त्याला तो मोकळा सोडतो. वेळेवर पोहोचलं तर पैसे, असा हिशेब ज्याच्या डोक्यावर आहे त्याला ‘चाळीसनं जा’ म्हणणं सोपं असतं, खुर्चीत बसून. शिवाय माणसाचं लक्ष उडणारच आहे. ते उडालं तरी कोणी मरू नये अशी व्यवस्था लावणं हे रस्ता बांधणाऱ्याचं काम आहे. स्वीडनच्या संसदेनं 1997 साली हेच तत्त्व धोरण म्हणून स्वीकारलं. मलेशियात क्वालालंपूरच्या फेडरल हायवेला मोटरसायकलसाठी वेगळी मार्गिका 1970च्या दशकात बांधली गेली. आपण द्रुतगती मार्ग बांधले आणि दुचाकीला बंदी घातली. बंदी योग्यच आहे. पण ज्या रस्त्यावरून तिनं जायचं, त्या जुन्या रस्त्याकडे नंतर कोणी तेवढ्या प्रेमानं पाहिलं नाही.

परवान्याचंही तेच. आरटीओच्या मैदानावर पाय न टेकता इंग्रजी आठ काढला की आपण गाडी चालवायला लायक. त्यातून तोल कळतो. नजर कुठे ठेवायची, गल्लीतून कोण निघेल, थांबलेल्या रिक्षातून कोण उतरेल, याची परीक्षा नाही. ब्रिटननं 2002 पासून चलचित्रं दाखवून, धोका कधी ओळखलास हे तपासायला सुरुवात केली. आपण 2021 पासून शिकाऊ परवान्याची परीक्षा घरबसल्या देण्याची सोय केली. चारचाकीवाल्याला तर दुचाकी कशी दिसते, किंवा दिसत नाही, हे त्या प्रक्रियेत एकदाही कोणी सांगत नाही. मेड्सचा तो निष्कर्ष आठवा: ज्यानं दुचाकी चालवली त्याला ती दिसते. चारचाकीच्या परीक्षेत एवढा एक धडा घालायला किती खर्च येतो?

आणि एक दृश्य ग्रामीण महाराष्ट्रातलं, जिथे न दिसणं उलट्या बाजूनं होतं. गाळप हंगाम सुरू झाला की सांगली-कोल्हापूर-साताऱ्याच्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या उसानं भरून निघतात. संध्याकाळचे साडेसात. ट्रॉलीला मागचा दिवा नाही. रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला, किंवा खाली लोंबणाऱ्या उसाच्या शेंड्यांनी झाकलेला. समोरून येणारी जीप अप्पर सोडून येते. त्या प्रकाशात दुचाकीस्वाराचे डोळे दिपतात आणि त्याच्यासमोरचा काळोख नुसता रस्ता वाटतो. तो काळोख ताशी पंधरा किलोमीटरनं चाललेला ऊस असतो. पंचनाम्यात वेग दुचाकीचा लिहिला जातो. ट्रॉलीमागे वीतभर लाल पट्टी लावायला काही रुपये पुरतात, आणि ती पट्टी नसलेली ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर घेणार नाही, एवढं कारखान्यांनी ठरवलं तर एका हंगामात हा प्रश्न हातात येईल.

दोष कोणाचा, हे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतंच: याचे इतके टक्के, त्याचे इतके, आणि त्या हिशेबानं भरपाई. ते हवंच. पण त्यातून त्याच चौकात उद्या येणाऱ्या पोरासाठी काही निघत नाही. राष्ट्रीय महामार्गावर एखादी जागा अधिकृतपणे ‘ब्लॅक स्पॉट’ ठरायला साधारण 500 मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू व्हावे लागतात. म्हणजे आधी माणसं पुरवायची, मग आरसा, गतिरोधक किंवा दुभाजकाची दुरुस्ती मागायची. अपघाताची नोंद आता पोलीस केंद्राच्या संगणकीय प्रणालीत जागेसकट करतात, त्यामुळे माहिती नाही ही सबब उरलेली नाही.

आपल्या वॉर्डात मत मागायला जो येईल, त्याला गटाराबरोबर हेही विचारा: आपल्या भागातल्या कोणत्या गल्लीच्या तोंडावर उभ्या गाड्या, फलक किंवा टपऱ्या नजर अडवतात, आणि त्या हलवायची तारीख कोणती? आणि तुम्ही चारचाकी चालवत असाल, तर उद्या गल्लीतून बाहेर पडताना मान खांबाच्या थोडी पुढे-मागे करा आणि उजवीकडे दोनदा बघा. दुसऱ्यांदा बघताना सावकाश, आणि मोटरसायकल शोधण्यासाठी म्हणून बघा.